पाहावयास शिकविताना : शाळेतील चित्रकला, छायाचित्रण आणि माध्यमशिक्षण

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम कलाविभागाकडे आले, तेव्हा कार्यालयातील लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तीन खोकी निघाली. काही छायाचित्रे कृष्णधवल, बरीचशी रंग उडून तांबूस झालेली, तर काही चिकट पानांच्या अल्बममध्ये कायमची अडकून बसलेली. ती वर्षांप्रमाणे लावावयास आम्ही बसलो आणि दुपार सरेपर्यंत एक गोष्ट ध्यानात आली. जवळजवळ सर्व छायाचित्रांची रचना एकच होती. मधोमध पाहुणे, त्यांच्या हातात वह्यांचा गठ्ठा, ब्लँकेट किंवा ढाल. समोर हात पुढे केलेला विद्यार्थी. मागे रांगेने उभी असलेली मुले. पाठीमागे शाईने लिहिलेले : पाहुण्यांचे नाव, वस्तूचे नाव, तारीख. मुलाचे नाव कुठेच नव्हते. 'एक विद्यार्थी', 'वसतिगृहातील मुले', 'गरजू विद्यार्थिनी', एवढेच.

देणाऱ्यांविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे. त्या ब्लँकेटांवर या वसतिगृहाने अनेक हिवाळे काढले आहेत. शिवाय ही छायाचित्रे घेणाऱ्यांत आणि त्यांच्या पाठीमागे लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो, तेव्हा दोष इतरांवर ढकलण्यास जागा नाही. तरीही मनात प्रश्न राहिलाच. या शाळेतून शिकून गेलेला, आज नोकरीत वा व्यवसायात स्थिरावलेला माणूस आपल्या शालेय जीवनाचे चित्र शोधत येथे आला, तर त्याला काय सापडेल? आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी बालपणाचे दुसरे छायाचित्रच नाही. त्याला सापडेल तो नाव नसलेला, हात पुढे केलेला मुलगा. कलाविभागात आज आम्ही काय शिकवितो, याची ही हकीकत त्या खोक्यांपासूनच सांगावी लागते.

नाव गाळून चेहरा टिपण्याची रीत आपल्या देशात जवळपास छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली आणि थोड्याच काळात कॅमेरा हिंदुस्थानात पोहोचला. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्थाही स्थापन झाली. पुढे १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत. येथील जातीजमातींची ओळख राज्यकर्त्यांना व्हावी, हा त्यामागील हेतू. माणूस पडद्यापुढे किंवा भिंतीपुढे बसविलेला. खाली जातीचे वा जमातीचे आणि प्रांताचे नाव. सोबत त्या समाजाच्या स्वभावाविषयी शेरा. बहुतेकांचे स्वतःचे नाव मात्र नाही.

नववीच्या वर्गात आम्ही त्यांतील काही छायाचित्रे चित्रओळ झाकून दाखवितो. मुले प्रथम चेहऱ्याविषयी बोलतात : हा थकलेला दिसतो, ही रागावलेली वाटते, हिचे दागिने जड आहेत. मग चित्रओळ उघडली जाते आणि बोलणे एकदम जातीकडे वळते. चेहरा तोच, उजेड तोच. मग आपले पाहणे कशाने बदलले, याचा शोध घेणे हे त्या तासाचे काम. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "यांना फोटो काढू का म्हणून कोणी विचारलं होतं का?" वर्ग बराच वेळ गप्प होता. आम्हीही काही बोललो नाही. कपाटातली तीन खोकी आम्हांला त्या क्षणी आठवली, हे येथे कबूल केले पाहिजे.

कॅमेरा हाती देण्यापूर्वी आम्ही पेन्सिल देतो. आपल्या राज्यात शाळेतील चित्रकला बव्हंशी एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांभोवती फिरते. इंटरमीजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही आग्रह धरतात. त्यात वावगे काही नाही. वस्तुचित्राच्या सरावाने हात खरोखरच बसतो. अडचण येते ती स्मरणचित्रात. स्मरणातून चित्र काढा म्हटले की मुले पाठ केलेले चित्र काढतात. दोन डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, कौलारू घर आणि नारळाचे झाड. ज्याच्या गावी क्षितिजापर्यंत कपाशीवाचून काही नाही, तोही हेच काढतो. चित्र सुबक असते आणि त्यात पाहिलेले असे काहीच नसते. म्हणून आम्ही एक विषय ठरवून टाकला : आपल्या गावातील पाण्याची जागा. पहिल्याच वर्षी डोंगर गेले आणि हातपंप, टँकर, प्लास्टिकच्या घागरी, चिखल, रांगा कागदावर आल्या. एका मुलाने रांग काढली आणि रांगेपासून हातभर दूर एक बाई एकटीच उभी काढली. चुकून सुटली का, असे आम्ही विचारले. "नाही सर, आई तिथंच उभी राहते," एवढेच तो म्हणाला. त्या चित्राला आम्ही गुण दिले नाहीत. परवानगी घेऊन ते चौकटीत बसविले.

छायाचित्रणाची सुरुवात आम्ही कॅमेऱ्याविनाच करतो. विज्ञानाच्या पुस्तकात सूचीछिद्र प्रतिमाग्राहक असतो. आम्ही वसतिगृहाची एक खोलीच तसा प्रतिमाग्राहक करतो. खिडक्यांना काळा कागद व पुठ्ठा लावून, फटीफटी बुजवून, एका पुठ्ठ्याला भोक पाडायचे. भोक रुपयाच्या नाण्याएवढे असेल तर समोरच्या भिंतीवर उजळ पण धूसर चित्र पडते. पेन्सिलीच्या जाडीचे केले की चित्र रेखीव होते पण मंद, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच-दहा मिनिटे बसून राहावे लागते. मग बाहेरचा कडुलिंब भिंतीवर उलटा लोंबकळताना दिसतो. रस्त्याने जाणारी एस.टी. छताच्या बाजूने, चाके वर करून, उलट दिशेला सरकते. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे. हे वाक्य मुलांनी परीक्षेत अनेकदा लिहिलेले असते. त्या खोलीत मात्र ते ऐकून मुले हसतात, कारण ते डोळ्यांपुढे घडत असते. अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथम यांनी अकराव्या शतकात अशाच अंधाऱ्या जागेत प्रकाशाचा अभ्यास केला होता. चित्र पडणे ही गोष्ट अशी फार जुनी. ते टिकविण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातील.

टिकविण्याचा पाठ उन्हात होतो. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे एकत्र करून मंद उजेडात कागदावर ब्रशाने लावायची, कागद वाळू द्यायचा, त्यावर पिंपळाचे पान ठेवून वर काच दाबायची आणि उन्हात धरायचे. दहा-पंधरा मिनिटांनी कागद साध्या पाण्यात धुतला की ऊन लागले तेथे गडद निळा रंग आणि पानाखाली पांढरी आकृती उरते. सर जॉन हर्शेल यांनी ही पद्धत १८४२ साली शोधली. लगेच पुढच्या वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळांची अशी चित्रे छापण्यास सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून त्या कामाकडे पाहिले जाते. इमारतीच्या आराखड्याला 'ब्लूप्रिंट' का म्हणतात, हेही मुलांना येथेच कळते. घरून बांधकामावर जाणाऱ्या पालकांची मुले हा शब्द आधीपासून ओळखत असतात. द्रावणे शिक्षकांनीच करावीत व हातमोजे वापरावेत, एवढी सूचना हा प्रयोग करू पाहणाऱ्या इतर शाळांना द्यावीशी वाटते.

यानंतर येतो तो पाठ आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाळेत मोबाइलने छायाचित्रे घेऊ लागलो, तेव्हा मुलांची तक्रार एकच असे : "माझा फोटो काळा येतो." मुली तर कॅमेरा दिसताच मागच्या रांगेत जात. काहींनी घरच्या मोबाइलमधील चेहरा उजळविण्याची सोय शोधून काढली होती. तिने नाक-डोळे पुसट होऊन सगळे चेहरे एकाच पिठाचे केल्यासारखे दिसत. आपला रंगच चुकीचा आहे आणि यंत्राने तो सुधारून दिला, असा समज बाराव्या-तेराव्या वर्षी मनात बसणे ही साधी गोष्ट नव्हे.

दोष रंगात नसून यंत्राच्या अनुमानात आहे. कॅमेऱ्याला समोर काय आहे हे कळत नाही. त्याला फक्त परत येणारा प्रकाश मोजता येतो. प्रकाशमापकाची मूळ रचना असे धरून चालते की दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे. आता आमचा विद्यार्थी पांढरा सदरा घालून चुना दिलेल्या भिंतीपुढे उभा राहतो. भरपूर प्रकाश परत येतो, यंत्राला वाटते उजेड जास्त झाला, ते प्रकाश कमी करते. सदरा करडा होतो आणि सावळा चेहरा अंधारात जातो. रंगीत फिल्मच्या काळात पक्षपात आणखी उघड होता. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी जी नमुनाचित्रे पाठवी, त्यांवर अनेक दशके गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. तंत्रज्ञ त्या चित्राला 'शर्ली' म्हणत. तिची त्वचा नीट उमटली की यंत्र ठीक, असा हिशेब होता. आजची यंत्रे चेहरा ओळखतात, बरीच सुधारली आहेत. पण पांढऱ्या भिंतीपुढे ती अजूनही फसतात.

उपाय सोपे आहेत आणि आठवीचा मुलगा ते तासाभरात शिकतो. भिंत सोडावी, झाडाच्या किंवा मातीच्या रंगाची पार्श्वभूमी घ्यावी. भर दुपारच्या उन्हात, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडत असताना, कोणालाही उभे करू नये. व्हरांड्याच्या कडेला, सावलीत पण आकाशाकडे तोंड करून बसवावे. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, दाबून ठेवून तो प्रकाश कायम करावा आणि लागेल तसा किंचित वाढवावा. सदरा जरा जास्त पांढरा झाला तर होऊ द्यावा. मांडीवर पांढरी चादर पसरली तर खालून मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. अशा रीतीने काढलेली पहिली छायाचित्रे आम्ही छापून आणली, त्या दिवशी मागच्या रांगेत जाणाऱ्या मुलींपैकी एकीने स्वतःचे छायाचित्र कितीतरी वेळ हातात धरले होते. कातडीचा रंग तोच होता. त्यात डोळ्यांतली चमक होती, हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण होता. चेहरा उजळविण्याच्या सोयीचा विषय त्यानंतर त्या वर्गात फारसा निघाला नाही. पालकांनाही विनंती आहे, की विवाहासाठी किंवा ओळखपत्रासाठी स्टुडिओत छायाचित्र काढताना 'जरा गोरा करा' असे मुलांदेखत म्हणू नये.

दरवर्षी नववीची सहल अजिंठ्याला जाते. लेणी आपल्या सर्वांच्या श्रद्धेची आहेतच. कलाविभागासाठी ती नक्कल, नोंद आणि नाश यांचीही शाळा आहे. १८१९ साली एका इंग्रज शिकारी तुकडीच्या नजरेस ती पडल्यानंतर १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रती करण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जाऊ लागले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. वर्षानुवर्षे केलेल्या त्या प्रतींपैकीही अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. दोनदा केलेली नक्कल दोनदा जळाली आणि मूळ भिंत मात्र डोंगरात उभी राहिली. तीही सुरक्षित नव्हतीच. चित्रे उठून दिसावीत म्हणून चांगल्या हेतूने लावलेल्या वॉर्निशाने पुढे ती पिवळी, काळपट केली. चित्रांवर फ्लॅश मारण्यास आज मनाई आहे. म्हणून आम्ही मोबाइल बसमध्येच ठेवावयास लावतो आणि मुलांना सांगतो : पहिल्या लेण्यात बसा आणि फक्त हात पाहा. पद्मपाणीचा कमळ धरलेला हात, दासींचे हात, काही धरणारे, नाकारणारे, टेकलेले हात. पाऊण तास पेन्सिलीने हातच काढायचे. परतल्यावर छापील पुस्तकातील छायाचित्रे पाहताना मुले आपोआप म्हणतात, हा हात इथे कापला गेलाय. चौकट म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा निराळे शिकवावे लागत नाही.

चौकटीवरून माध्यमांकडे वळता येते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटात डुक्कर वाहून नेणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते आणि त्या भिंतीवर बाबासाहेबांचे व सावित्रीबाईंचे चित्र आहे. संवाद नाही, कॅमेरा कुठे ठेवला, एवढ्यावर सगळे उभे आहे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची सुधारक ओलवे यांनी घेतलेली छायाचित्रेही आम्ही वर्गात लावतो. मूळचे अकोल्याचे ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, हे मुलांना आवडते. पण आम्ही त्यांना दुसरेच विचारावयास लावतो. या छायाचित्रकाराला त्या गटारापाशी किती वेळा जावे लागले असेल? दुरून, मोटारीच्या काचेतून, हे टिपता आले असते का?

'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०), 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही नावे आमच्या विद्यार्थ्यांना जयंतीच्या भाषणांमुळे पाठ असतात. ज्यांच्याविषयी इतर लिहीत होते त्यांनी स्वतः लिहू लागणे, हा त्यांचा अर्थ मात्र हाताने काम केल्यावर उमगतो. नामदेव व्हटकर यांचे उदाहरण त्याहून कमी ठाऊक आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा व्हटकरांनी पदरमोड करून ती चित्रपटाच्या फितीवर टिपली. त्या दिवशीचा जनसागर आपण आज पाहू शकतो, तो त्यांच्यामुळे. मोबाइलवर आलेले गर्दीचे कोणतेही चित्र 'हे चैत्यभूमीवरचे' म्हणून पुढे ढकलण्याआधी मुले आता ते थांबवून पाहतात : फलकांवरची लिपी कोणती, अंगावरचे कपडे कोणत्या ऋतूचे, हेच चित्र पूर्वी दुसऱ्या कुठल्या घटनेचे म्हणून प्रसिद्ध झाले आहे का. आपल्या बाजूचे चित्र असले तरी तपासायचे, हा नियम मुलांना सुरुवातीला पटत नाही. मोठ्यांनाही तो सहजी पटत नाही, असा आमचा अनुभव आहे.

दहावीपूर्वीचा शेवटचा प्रकल्प म्हणजे शाळेचा एक दिवस. गटाला एकच मोबाइल, दिवसाला फक्त चोवीस छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली चित्रओळ : नाव, काम, वेळ, जागा. ज्याचे छायाचित्र, त्याला ते आधी दाखवायचे. तो नको म्हणाला तर पुसून टाकायचे. एका गटाने भोजनगृहातील मावशींचे भाकरी थापतानाचे छायाचित्र घेतले. धूर, चुलीचा उजेड, घामेजलेला चेहरा. आम्हांला तर ते प्रकल्पातील उत्कृष्ट वाटले. मावशींनी ते पाहिले आणि नको म्हणाल्या. मुले हिरमुसली, आम्हीही हिरमुसलो. "काढायचाच तर उद्या काढा, जेवणं झाल्यावर," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या धुतलेले पातळ नेसून आल्या, चष्मा लावला, हिशेबाची वही मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. महिन्याच्या धान्याचा सगळा हिशेब त्या स्वतः लिहितात, हे आमच्यापैकी अर्ध्याजणांना तोवर माहीत नव्हते. ते छायाचित्र त्यांच्या पूर्ण नावासह भोजनगृहाच्या दाराशी लावले आहे.

आता त्या तीन खोक्यांविषयी. स्नेहमेळाव्याच्या दिवशी ती सर्व छायाचित्रे सभागृहाच्या मागील बाजूस लांब टेबलांवर मांडलेली असतील. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी कृपया थोडा वेळ काढून ती पाहावीत. स्वतःला, भावंडाला, वर्गमित्राला ओळखलेत, तर छायाचित्र पालथे करून मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता नाव लिहावे. बॉलपेन वापरू नये. त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई कालांतराने पाझरते. चिकट अल्बममध्ये अडकलेली छायाचित्रे ओढून काढू नयेत. त्यांच्या पानाशेजारी कोरी चिठ्ठी ठेवलेली आहे, तिच्यावर लिहावे. घरी शाळेच्या दिवसांचे एखादे छायाचित्र असेल तर सोबत आणावे. मुले तेथेच त्याची प्रत घेऊन मूळ लगेच परत देतील. पेन्सिली टेबलावर ठेवल्या आहेत, दर टेबलाशी दोन विद्यार्थी असतील, आणि ते तुम्हांला तुमचे नाव विचारतील.